तेवढीच आहे

बोट थांबलं ते मांजरीच्या पोटावर, मागून दुसऱ्या आचळापाशी. मंगळवारची सकाळ होती. चहा निवत होता, डाव्या हातात वर्तमानपत्र होतं आणि उजवा हात रोजच्यासारखा आपला आपण मांजरीच्या पोटावरून फिरत होता. हाताचं तिकडे लक्ष नव्हतं, डोळ्यांचं वर्तमानपत्रात नव्हतं, आणि मन कुठे होतं असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. विचारणारंही कुणी नव्हतंच. बोट थांबलं, मागे आलं, पुन्हा त्याच जागी गेलं. कातडीखाली वाटाण्याएवढं काहीतरी होतं. कडक. दाबलं तरी जागचं हलत नव्हतं. मांजरीने एक डोळा उघडून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतला, जणू हे तिला कधीचंच ठाऊक होतं आणि यानेच उशीर केला होता.

तो वजनमाप खात्यात निरीक्षक होता. एकोणतीस वर्षं त्याने दुकानादुकानांतून तराजू तपासले होते, पारड्याखाली चिकटवलेले शिशाचे तुकडे शोधून काढले होते, झिजलेली वजनं जप्त केली होती. बाजारात मागून त्याला काटेसाहेब म्हणत, आणि त्यात आदर किती आणि चेष्टा किती याचा त्याने कधी तपास केला नव्हता. त्याच्या पेटीत मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी वजनं होती. ती चिमट्याने उचलायची, बोट लावायचं नाही, कारण बोटाच्या तेलकटपणाचंसुद्धा वजन होतं. इतक्या वर्षांत हाताला अशी सवय लागली होती की भाजीवाल्याने पिशवी हातात दिली की किती कमी भरली ते त्याला चालता चालता कळे. तेव्हा त्या सकाळीही, भीती वाटायच्या आधी, त्याच्या हाताने गाठीचं वजन करून टाकलं. अर्धा ग्रॅम. फार तर पाऊण.

मांजरीचं नाव मावशी. वाघाची मावशी म्हणून मावशी. हे नाव बायकोने ठेवलं होतं, आणि मांजरही तिनेच आणलं होतं, बारा वर्षांपूर्वी, ती काम करायची त्या दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्याच्या मागच्या अंगणातून, एप्रनच्या खिशात घालून. घरी आल्यावर तिने खिशातून आधी एक कवळी काढली, मग मांजरीचं पिल्लू काढलं, आणि म्हणाली, "यातलं एक आपलं आहे. ओळख कुठलं." तो हसला नव्हता. पिल्लाला पिसवा आहेत का ते त्याने आधी उलटसुलट करून बघितलं होतं. आठ वर्षांपूर्वी ती घर सोडून गेली तेव्हा तिला मिळालेल्या खोलीत मांजर चालणार नव्हतं, म्हणून मावशी याच्याकडे राहिली. भांडण म्हणावं असं काही झालंच नव्हतं. आवाज चढले नाहीत, भांडी आदळली नाहीत, दोन्हीकडच्या नातेवाइकांना तर बरेच महिने पत्ताच नव्हता. जाताना ती एवढंच म्हणाली होती, "तुझ्याबरोबर राहायचं म्हणजे रोज तपासणीला उभं राहायचं. माझ्यात किती कमी भरतंय ते तुला रोज कळतं, आणि तू बोलत नाहीस. बोलला असतास तर बरं होतं." तेव्हाही तो बोलला नव्हता.

त्याच संध्याकाळी त्याने मावशीला जाळीच्या पेटीत घालून प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होती. त्याला मुलगी असती तर तिच्या वयाची असती. तिने मावशीला टेबलावर उताणी केली, गप्पा मारत मारत पोट चाचपलं आणि त्या जागी आल्यावर गप्पा थांबवल्या. "मांजरींत अशा गाठी दहातल्या आठ-नऊ वाईटच निघतात," ती म्हणाली. "पण ही लहान आहे. लहान असताना काढली तर पुष्कळ वर्षं काढतात मांजरी. याच आठवड्यात करू. शुक्रवारी आणता?" तो म्हणाला, "घरी विचारून सांगतो." हे वाक्य त्याच्या तोंडून कसं निघालं ते त्यालाच कळलं नाही. घरी कोण होतं विचारायला? परतताना बसमध्ये पेटी मांडीवर घेऊन तो बसला होता आणि ते वाक्य तोंडात खडीसाखरेसारखं घोळवत होता. घरी विचारून सांगतो. आठ वर्षांत असं काही म्हणायची पाळी आली नव्हती. नळ बदलायचा, खिडकीला काच बसवायची, सुट्टी टाकायची की नाही, कशालाच कुणाला विचारावं लागत नव्हतं. आणि माणसाला विचारायला कुणी नसलं की हळूहळू ठरवण्यासारखंही काही उरत नाही, सगळं आपोआप होत जातं.

बुधवारी दुपारी कचेरीतून त्याने तिला फोन लावला. शेवटचं बोलणं होऊन चार वर्षं झाली होती, तेही कुठल्याशा कागदावर सही हवी होती म्हणून.

"मावशीला गाठ आलीय," तो म्हणाला.

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला. "काय? कुठे? मला कुणीच कसं कळवलं नाही? तुला कुणी सांगितलं?"

"मला कोण सांगणार? मीच बघितली. पोटावर आहे."

"तू कशी बघितलीस?" ती ओरडली. आणि मग तिलाच आधी उलगडलं. "अरे देवा. मांजर! मला वाटलं माझी मावशी." ती हसायला लागली. आधी सुटकेचं हसू, मग खरंखुरं, मोकळं, दम लागेपर्यंत. त्यालाही हसू आलं. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने मान वर करून पाहिलं, कारण काटेसाहेब हसताना त्याने कधी बघितले नव्हते. हसणं ओसरल्यावर ती म्हणाली, "बिचारी. काढायची असेल तर काढून टाक ना. मला कशाला विचारतोस?"

तिथे फोन संपला असता. तिचा आवाज संपण्याकडे झुकलेला त्याला ऐकू आला, तोल जाताना काटा झुकतो तसा. आणि तो म्हणाला, "तसं नाही. डॉक्टरांचं अजून नक्की नाही. महिनाभर नजर ठेवा म्हणाल्या. वाढते का बघायचं."

"असं? मग रविवारी येऊन बघू का मी?"

"बघ," तो म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्याला आनंद झाला आहे. आनंद इतका स्वच्छ होता की त्याला लाज वाटायला पाच-सात मिनिटं लागली.

पहिल्या रविवारी ती आली तेव्हा मावशीने तिचा हात हुंगला आणि सरळ पलंगाखाली जाऊन बसली. "विसरली मला," ती म्हणाली, आणि हे तिने हसून घेतलं तरी बराच वेळ ती पलंगाच्या कडेला जमिनीवर बसून होती. तिचे केस आता कानांवर पांढरे झाले होते. बोटं मात्र तशीच होती, आखूड, मजबूत. आयुष्यभर मेणात दात रोवत आलेली. शेवटी मावशी बाहेर आली, तेव्हा त्या बोटांनी गाठ शोधली. "एवढीशीच आहे की," ती म्हणाली. चहा झाला. काय बोलावं हे दोघांनाही सुचेना, तेव्हा ते मांजरीविषयी बोलले. ती जेवते का, खेळते का, रात्री कुठे झोपते. मांजर हा मोठा सोयीचा विषय होता. त्यातून कितीतरी विचारता येत होतं. "तू झोपतोस कुठे?" असं तिला विचारता आलं नसतं, पण मावशी कुठे झोपते असं विचारल्यावर तो म्हणाला, "माझ्या पायाशी," आणि दोघांनाही उत्तर मिळालं.

दुसऱ्या रविवारी तिने एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली. त्याला कवळी बसवून दिली तर तो म्हणाला, दात फार सरळ आहेत, माझे मूळचे वाकडे होते, बायको ओळखणार नाही. वाकडे करून द्या. "आणि दिले?" त्याने विचारलं. "दिले की. दोन दिवस बसून एकेक दात वाकडा केला." लग्नाच्या चौदा वर्षांत तिने कामावरच्या अशा गोष्टी सांगितल्या नसतील असं नव्हतं. त्याला एकही आठवेना. ती स्वयंपाकघरात उभी राहून बोलायची आणि तो पानात भात कमी पडलाय की जास्त हे बघत असायचा. आता ती बोलत होती आणि तो ऐकत होता, आणि दोघांच्या मधोमध मावशी झोपली होती, आणि तिच्या पोटात ती गोष्ट वाढत होती. वाढत होती हे त्याला माहीत होतं. तो रोज सकाळी बोट लावून बघत होता. एक ग्रॅम झाली. मग दीड. दवाखान्यातून दोनदा फोन आला, त्याने उचलला नाही. पुढच्या आठवड्यात करू, तो स्वतःला म्हणाला, एका आठवड्याने काय होतंय. दुकानदार त्याला हेच सांगत असत. साहेब, एवढ्याशा फरकाने काय होतंय. त्यांच्या वजनांवर त्याने एकोणतीस वर्षं दया दाखवली नव्हती. त्या पंधरवड्यात त्याने एकाही दुकानाला दंड केला नाही, नुसती ताकीद देऊन सोडलं, आणि बाजारात कुजबुज सुरू झाली की काटेसाहेब आता निवृत्तीला टेकले, सैल पडले.

तिसऱ्या रविवारी तिने गाठ चाचपली, बोट जरा जास्त वेळ तिथे ठेवलं आणि म्हणाली, "तेवढीच आहे." त्याने मान डोलावली. त्या दिवशी ती दिवेलागणीपर्यंत थांबली. चौथ्या रविवारी येताना तिने खिडकीसाठी पडद्याचं कापड आणलं आणि जुना पडदा काढून नवा शिवून लावलासुद्धा. तो स्टूल धरून उभा होता. तिच्या टाचेला भेग पडलेली दिसत होती. ही भेग आधी नव्हती, हिला मलम लावायला हवं, असं त्याच्या मनात आलं, आणि यावेळी तो मोठ्याने म्हणाला, "टाचेला काहीतरी लाव." ती स्टुलावरून खाली बघत राहिली. "बोलायला शिकलास की," ती म्हणाली. मावशी नव्या पडद्याखाली उन्हात आडवी झाली होती आणि पोटाची ती जागा अधूनमधून चाटत होती. चाटून चाटून तिथले केस गेले होते. गुलाबी कातडीखाली गाठ आता नुसत्या डोळ्यांनीही दिसत होती, बघायची म्हटली तर. कुणी बघितली नाही.

पाचव्या रविवारी तो आत चहा टाकत असताना त्याचा फोन वाजला. बाहेरच्या टेबलावर होता. "घेऊ का रे?" तिने विचारलं, आणि तो नको म्हणेपर्यंत तिने घेतलाही होता. गॅस बारीक करून तो दारात येऊन उभा राहिला. पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण ऐकायची गरज नव्हती. तिच्या चेहऱ्यावरून एकेक शब्द कळत होता. "हो," ती म्हणत होती. "हो. नाही, मला ते... हो, बरोबर. उशीर झाला. उद्या आणतो आम्ही." फोन ठेवून तिने पर्स उचलली. चपला घातल्या. त्याच्याकडे न बघता म्हणाली, "उद्या साडेनऊला दवाखान्यात. रात्रीपासून तिला खायला देऊ नकोस." ती गेल्यावर चहा उतू गेला. तो पुसताना त्याच्या डोक्यात एकच शब्द राहिला होता, तो 'आम्ही'. आणि अशा वेळीही आपल्याला त्या शब्दाचं गोड वाटावं याची त्याला इतकी किळस आली की त्याने ओलं फडकं तसंच ओट्यावर टाकलं.

सोमवारी मावशीला आत नेल्यावर दोघं बाहेरच्या बाकावर बसले. समोर भिंतीवर कुत्र्यांच्या जातींचा तक्ता होता. एक बाई पिंजऱ्यातल्या पोपटाशी हळू आवाजात बोलत होती. पोपट उत्तर देत नव्हता.

"महिनाभर थांबा असं डॉक्टर म्हणाली नव्हती," ती म्हणाली.

"नाही."

"त्याच आठवड्यात आणा म्हणाली होती."

"हो."

"मग?"

त्याने उत्तर जुळवून पाहिलं. भूल देण्याची भीती, मांजरीचं वय, कामाची गर्दी. सगळी चांगली, शिक्का मारलेली, कमी भरणारी उत्तरं. "तू येत होतीस," तो म्हणाला.

पोपटवाल्या बाईंना आत बोलावलं, त्या गेल्या. आता बाकावर दोघंच होते आणि ती ओरडेल, निघून जाईल, निदान रडेल तरी, अशी वाट बघत तो कुत्र्यांच्या तक्त्याकडे पाहत होता. तिने स्वतःचे दोन्ही हात पालथे करून मांडीवर ठेवले होते आणि ती त्यांच्याकडे बघत होती.

"तिसऱ्या रविवारी मी तेवढीच आहे म्हटलं," ती म्हणाली. "आठवतं?"

"हो."

"तेवढीच नव्हती. मेणात केसाएवढा उंचवटा राहिला तरी माझ्या बोटाला कळतो. दुपटीने वाढली होती. मला त्याच क्षणी कळलं." तिचा आवाज एकदम खाली गेला. "आणि मी म्हटलं, आता हे बोलले तर हा उद्याच नेऊन काढून आणेल. मग पुढच्या रविवारी मी काय करू?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्यात काय कमी आणि काय जास्त याचा हिशोब त्याच्या मनात उमटला नाही. ती फक्त बाजूला बसलेली एक बाई होती, त्याच्याइतकीच एकटी, त्याच्याइतकीच खोटी. हात धरावा असं त्याला वाटलं. तिलाही वाटलं असावं, कारण तिने हात उचलून पदराखाली घेतले. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात; इथे मांजर उघड्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होतं आणि डोळे मिटले होते दोन धडधाकट माणसांनी.

"मांजरीबरोबर कोण आहे?" आतून डॉक्टरने विचारलं. दोघंही क्षणभर बसूनच राहिले. मग तो उठला.

गाठ सुपारीएवढी झाली होती. तिच्याखाली आणखी दोन बारीक सापडल्या, त्याही काढल्या होत्या. डॉक्टर रागावली नाही; रागावली असती तर बरं झालं असतं. तपासायला पाठवते, आठ दिवसांत कळेल, एवढंच म्हणाली. मावशीच्या पोटाला पट्टा बांधला होता, जीभ दातांबाहेर राहिली होती. बाहेर येऊन त्याने सगळं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "काय ते मेसेज करून कळव. फोन नको. तुझा आवाज ऐकला की मी येईन." आणि ती रस्ता ओलांडून गेली.

निकाल वाईट आला. सहा महिने, आठ महिने, सांगता येत नाही. त्याने तेवढंच लिहून पाठवलं, एकही शब्द कमीजास्त न करता. दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं: मी येऊ?

तो कचेरीत होता. समोर चिमटा होता, एका सोनाराचं तपासायला आलेलं वजन होतं. त्याने चिमटा खाली ठेवला. हे दोन शब्द यावेत म्हणून तर त्याने सगळं केलं होतं, आणि आता कुणी मागितलं नसताना ते आले होते. येऊ दे. काय बिघडलं? ती येईल, पुन्हा चहा होईल, ती कामावरच्या गोष्टी सांगेल, मावशी मध्ये झोपलेली असेल. आणि मग एक दिवस मावशी खायची थांबेल. तो दिवस त्याला स्पष्ट दिसला. डॉक्टर म्हणेल, आता तिला त्रास होतोय, आता इंजेक्शन देऊन सोडवू. आणि तो म्हणेल, अजून जरा बघू. आणि ती म्हणेल, हो, अजून जरा बघू. आणि दोघंही एकमेकांकडे न बघता त्या जनावराला रविवारपासून रविवारपर्यंत ओढत नेतील. तो स्वतःला ओळखून होता. तिलाही आता ओळखत होता. ज्या दिवशी ठरवायचं त्या दिवशी समोर फक्त मांजर असायला हवं होतं.

त्याने लिहिलं: नको.

मग खाली आणखी काही लिहावं म्हणून बोट थांबलं. तो थांबला तेवढ्यात सोनाराचा माणूस आत आला, साहेब झालं का, म्हणाला, आणि त्याने तसंच पाठवून दिलं. तिचं उत्तर आलं नाही.

मावशी सात महिने जगली. त्यातले पाच चांगले गेले. त्याने तिला गोळी द्यायची युक्ती शिकून घेतली, टाके वाळले, केस पुन्हा आले. तो तिच्याशी बोलायला लागला. आधी अवघड वाटलं, मग जमलं. आज अमक्याने पारड्याखाली चुंबक लावला होता, आज तमक्याने मला खुर्ची दिली आणि खुर्चीचाच पाय मोडका. मावशी ऐकत असे असं नाही. पण घरात एक आवाज फिरू लागला आणि तो आवाज आपला आहे याची त्याला सवय झाली. सहाव्या महिन्यात तिला धाप लागायला लागली. सातव्यात, एका बुधवारी, तिने पाणी हुंगलं आणि तोंड फिरवलं. गुरुवारी सकाळी ती त्याच्या पायाशी नव्हती. मोरीच्या कोपऱ्यात, गार फरशीवर, अंग चोरून बसली होती. तो तिच्याजवळ जमिनीवर बसला. बरगड्या भराभर वरखाली होत होत्या. आणखी एक दिवस निघाला असता. कदाचित तीन निघाले असते. हे तीन दिवस कुणाचे, त्याने स्वतःला विचारलं, आणि उत्तर लगेच आलं. तो उठला, कचेरीत कळवलं आणि तिला जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून नेलं.

डॉक्टरने सगळं नीट समजावून सांगितलं. त्याने हो म्हटलं. त्याचा तळहात मावशीच्या मानेखाली होता. ते डोकं आधी हलकं होतं, मग हळूहळू जड होत गेलं, मग पुरतं त्याच्या हातात आलं. त्याने हात काढून घेतला नाही. डॉक्टर हातमोजे काढून बाजूला उभी राहिली, घाई न करता.

"त्रास झाला नाही तिला," ती म्हणाली.

"नाही," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर त्याने मेसेज लिहिला: आज सकाळी. वेळेवर. मग 'वेळेवर' हा शब्द खोडावा का याचा त्याने विचार केला. तो खरा होता. तोच एक खरा होता. ठेवला.

बसथांब्यावर भर दुपारचं ऊन होतं. बाकावर त्याच्या शेजारी रिकामी जाळीची पेटी होती, आत स्वेटरचे लोकरीचे धागे अडकले होते. हातात दोन जड पिशव्या घेतलेली एक बाई आली, बाकाकडे बघत उभी राहिली, मग वाकून जाळीतून आत डोकावली.

"काय आहे हो आत?" तिने विचारलं.

"काही नाही, रिकामी आहे," तो म्हणाला, आणि तिला बसायला जागा व्हावी म्हणून पेटी उचलून मांडीवर घेतली.